रॉड्रिग्स बेटावरचे अखेरचे झाड

लंडनमधील क्यू वनस्पती उद्यानातील काचगृहे आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिली असतील. त्यांचा इतिहास मात्र निव्वळ सौंदर्याचा नाही. 1876 मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे 70,000 बिया येथे आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोन आणि मलायाकडे रवाना झाली, साम्राज्याचे मळे उभे राहिले आणि पुढे ब्राझीलचा रबर व्यापार कोसळला. ज्या भूमीचे बी, तिला परत काहीच मिळाले नाही.

शतकानंतर याच उद्यानाकडे एक वेगळा प्रवास घडला. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे 600 किलोमीटरवर रॉड्रिग्स बेट आहे. वसाहतीच्या काळात तेथील अरण्य तुटले, शेळ्यामेंढ्या मोकाट चरल्या. केवळ याच बेटावर आढळणारे, कॉफीच्या कुळातील 'कॅफे मारोन' हे छोटे झाड नामशेष झाले असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानू लागले. 1980 च्या सुमारास एका शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दुर्मीळ वनस्पती शोधायला पाठवले, आणि एका मुलाने त्याच झाडाची फांदी आणली. तज्ज्ञांच्या नोंदींत जे संपले होते, ते शाळकरी मुलाच्या नजरेला सापडले.

पण झाड एकच होते. औषधी समजून लोक फांद्या तोडू लागले, म्हणून त्याला कुंपण घालावे लागले. 1986 मध्ये त्याच्या फांद्यांचे तुकडे विमानाने क्यूला पाठवले गेले. एका तुकड्याला मूळ फुटले आणि त्यावरून आणखी रोपे तयार झाली. फुले भरघोस येत, फळ मात्र धरेना. एकाच झाडाच्या या प्रतिकृतींना वंश पुढे नेता येत नव्हता. संगणकाच्या व्यवसायात वावरणाऱ्या आम्हांला हे लगेच उमगते: एकाच मूळ प्रतीच्या कितीही नकला काढल्या, तरी तिच्यातील उणीव सर्वांत उतरते.

अखेर 2003 मध्ये क्यूचे उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी स्त्रीकेसराचा शेंडा कापून परागीकरण साधले आणि बी धरले. पुढे बिया रॉड्रिग्सला परत गेल्या, तेथे रोपे वाढली.

जुन्या अन्यायाची भरपाई एवढ्याने होत नाही. तरीही वनस्पती उद्यानांच्या सहकार्याची खरी कसोटी आम्हांला येथेच दिसते: परदेशी काचगृहात झाड जगले, हे अर्धेच काम. ज्या मातीचे ते, तिच्या माणसांच्या हाती बी परत पोहोचले, तेव्हाच ते पूर्ण झाले.