कार्यालयाविना वास्तुव्यवसाय : लॉरी बेकर यांच्या केरळमधील कार्यपद्धतीचा अभ्यास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील वास्तुकलेचा इतिहास बहुधा ले कार्बुझिए यांच्या चंदीगढपासून सुरू होतो आणि लुई कान्ह, अच्युत कानविंदे, बाळकृष्ण दोशी, चार्ल्स कोरिया अशा नावांच्या आधारे पुढे सरकतो. हा इतिहास मुख्यतः पूर्ण झालेल्या इमारतींचा आहे. त्या इमारती उभ्या करणाऱ्या व्यवसायाचे दैनंदिन जीवन कसे होते, आराखडा कोण काढीत असे, गवंड्याशी कोण बोलत असे, खर्च झालेला पैसा अखेर कोणाच्या हाती जात असे, या प्रश्नांची नोंद त्यात क्वचितच आढळते. लॉरी बेकर (१९१७-२००७) यांच्या कार्याचे मर्म मात्र नेमके या प्रश्नांत दडलेले आहे. बेकर यांची ओळख 'स्वस्त घरांचे वास्तुविशारद' अशी रूढ झाली आहे. त्यांची काटकसर केवळ बांधकामतंत्रातून आली नव्हती, तर कामाच्या विशिष्ट रचनेतून आली होती, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी त्याच शहरात घेतले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती न घेता ते क्वेकर पंथीयांच्या रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये गेले. तेथून मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले आणि या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घर बांधण्याचे साहित्य शक्यतो बांधकामाच्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळावे, हा गांधीजींचा विचार आपल्या मनावर कायमचा ठसला, असे बेकर पुढे सांगत असत. १९४५ साली ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या इमारतींच्या कामानिमित्त भारतात परत आले. १९४८ साली त्यांनी डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला आणि पुढील सुमारे दीड दशक हे दांपत्य पिठोरागढच्या डोंगराळ भागात राहिले.

या काळाला त्यांचे दुसरे शिक्षण म्हणता येईल. बर्मिंगहॅममध्ये शिकलेल्या तंत्रांना पूरक साहित्य हिमालयात उपलब्ध नव्हते. उलट स्थानिक लोक दगड, माती व लाकूड यांचा वापर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून करीत होते. वास्तुविशारदाने प्रथम पाहावे व नंतर रेखाटावे, हा क्रम बेकर यांच्या कामात येथे पक्का झाला. १९६३ मध्ये हे दांपत्य केरळमधील वागमोन येथे आले व त्या दशकाच्या अखेरीस तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाले.

तंत्र : विटेचा हिशोब

बेकर यांनी वापरलेली तंत्रे गुंतागुंतीची नाहीत. 'रॅट-ट्रॅप' पद्धतीच्या बांधणीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या जातात. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, सुमारे एकचतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाची झळ आत कमी येते. छताच्या बाबतीतही विचार असाच सरळ आहे. सिमेंट काँक्रीटच्या साध्या स्लॅबमध्ये खालच्या भागातील ताण लोखंडी सळ्या घेतात. तेथील काँक्रीट ताण सोसण्याच्या दृष्टीने फारसे उपयोगी नसते. त्या जागी सळ्यांच्या मधल्या चौकटींत मंगलोरी कौले बसविली, तर काँक्रीट वाचते, छताचे वजन घटते आणि त्यामुळे लोखंडही कमी लागते. खिडकीऐवजी विटांची जाळी, काँक्रीटच्या तुळईऐवजी विटांची कमान, गिलाव्याशिवाय उघडी ठेवलेली भिंत आणि पाडलेल्या घरांतून आणलेली दारे व खिडक्या ही त्यांची इतर साधने होत.

या सर्वांचा एकत्रित प्रत्यय तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या परिसरात येतो. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेच्या इमारती १९७० च्या दशकात उतारावर उभ्या राहिल्या. बेकर यांनी उतार सपाट केला नाही. इमारतींनाच उताराप्रमाणे वळण दिले आणि झाडे राखली. जाळीच्या भिंतींमधून वारा खेळतो आणि आतील जमिनीवर ऊन-सावलीची नक्षी उमटते. काटकसर व सौंदर्य या दोन निरनिराळ्या गोष्टी येथे उरत नाहीत.

व्यवसायाचे दैनंदिन रूप

तंत्रे पुस्तकातून शिकता येतात. ती राबविणारी व्यवस्था मात्र सहज उचलता येत नाही. बेकर यांनी रूढ अर्थाने कार्यालय थाटले नाही. नालनचिरा येथील 'हॅम्लेट' हे त्यांचे राहते घर हेच त्यांचे कामाचे ठिकाण होते. खडकाळ उतारावरील हे घर वर्षानुवर्षे थोडे थोडे वाढत गेले आणि नव्या कल्पनांची चाचणीही तेथेच होत राहिली. एका बाजूने वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर ते आराखडे काढीत. काम ठेकेदाराकडे न सोपविता ते गवंडी व सुतार यांच्याबरोबर स्वतः जागेवर उभे राहत. एखादे झाड किंवा खडक आड आला, तर भिंतीची रेषा तेथल्या तेथे बदलली जाई.

या पद्धतीचे आर्थिक परिणाम लक्षणीय आहेत. वास्तुविशारदाचे शुल्क बांधकामखर्चाच्या टक्केवारीने आकारण्याची प्रथा आहे. म्हणजे इमारत जितकी महाग, तितकी विशारदाची मिळकत अधिक. काटकसर करणारा विशारद या व्यवस्थेत स्वतःच्याच उत्पन्नाला कात्री लावत असतो. बेकर यांनी कार्यालयाचा खर्चच जवळजवळ शून्यावर आणला, म्हणून त्यांना ही काटकसर परवडली. दुसरे असे की, सिमेंट व पोलाद यांवरील खर्च घटला की त्या प्रमाणात बांधकामातील मजुरीचा वाटा वाढतो. दूरच्या कारखान्यांकडे जाणारा पैसा गावातील गवंडी, सुतार व वीटभट्टीवरील कामगार यांच्याकडे वळतो. या दृष्टीने पाहता बेकर यांचे कार्य वास्तुकलेइतकेच अर्थशास्त्राचेही होते.

मर्यादा व वारसा

नेमक्या याच वैशिष्ट्यातून या पद्धतीची मर्यादाही उद्भवते. शासकीय बांधकामात प्रथम आराखडा, मग अंदाजपत्रक, त्यानंतर निविदा असा क्रम असतो. जागेवर ऐनवेळी निर्णय घेण्यास तेथे फारसा वाव नसतो. एका व्यक्तीच्या रोजच्या उपस्थितीवर उभी असलेली पद्धत हजारो घरांपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. त्यावर एक उत्तर १९८५ साली त्रिचूर येथे स्थापन झालेल्या 'कॉस्टफोर्ड' या संस्थेच्या रूपाने शोधले गेले. माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, के. एन. राज, टी. आर. चंद्रदत्त व स्वतः बेकर हे तिचे संस्थापक होत. कारागिरांना प्रशिक्षण देणे व ही तंत्रे सर्वदूर नेणे हे काम संस्थेने हाती घेतले. बेकर यांनीही स्वतःच्या हस्ताक्षरात व रेखाचित्रांसह छोट्या पुस्तिका तयार केल्या. वैयक्तिक कौशल्य सार्वजनिक करण्याचा तो प्रयत्न होता.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही काही प्रश्न शिल्लक राहतात. भाजलेल्या विटेला इंधन लागते. विटा वाचविल्याने ते कमी होते, संपत नाही. बेकर यांनी मातीच्या घरांचा जो पुरस्कार केला, त्याचे महत्त्व येथे कळते. तसेच केरळच्या दमट हवेत सुखद वाटणारी जाळीची भिंत मराठवाड्याच्या कोरड्या हवेत धुळीला वाट करून देईल आणि १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या किल्लारीसारख्या ठिकाणी विटेची साधी भिंत आवश्यक मजबुतीशिवाय बांधता येणार नाही. बेकर यांच्या आकृतींचे अनुकरण करणे हे त्यांच्याच तत्त्वाविरुद्ध ठरते, कारण ते तत्त्व जागा पाहून निर्णय घेण्याचे आहे.

समारोप

१९९० साली भारत सरकारने बेकर यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्यापूर्वीच त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले होते. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात उघड्या विटांची भिंत व जाळी ही एक शैली म्हणून लोकप्रिय झाली असून सधन वर्गाच्या बंगल्यांतही ती दिसते. परंतु टक्केवारीचे शुल्क, ठेकेदारी आणि कार्यालयात बसून केलेले आराखडे कायम ठेवून केवळ विटा उघड्या ठेवल्या, तर बेकर यांचे बाह्यरूप तेवढे हाती लागते. टिकाऊ विकासाची चर्चा सामान्यतः साहित्य व ऊर्जा यांच्याभोवती फिरते. बेकर यांचे उदाहरण त्या चर्चेत आणखी एका घटकाची भर घालते : काम करणाऱ्याचा दिवस कसा जातो आणि तो कोणाच्या सोबतीने जातो, यावरही इमारतीचा खरा खर्च ठरत असतो. वास्तुकलेच्या इतिहासलेखनाने इमारतींबरोबर या दिवसाचीही नोंद घेणे आवश्यक आहे.