एलिस्टातलं बंद दार

सप्टेंबर २००६. रशियातल्या काल्मिकियाची राजधानी एलिस्टा. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी रशियाचा व्लादिमिर क्रामनिक आणि बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव समोरासमोर होते. चार डावांनंतर क्रामनिक ३-१ असा पुढे होता. तेवढ्यात टोपालोवच्या मॅनेजरने, सिल्व्हिओ दानाइलोवने, तक्रार केली की डाव चालू असताना क्रामनिक सारखा शौचालयात जातो. विश्रांतीच्या खोल्यांत कॅमेरे होते, शौचालयात नव्हते. रोख कशाकडे होता, हे सांगायला नको.

दोघांची स्वतंत्र शौचालयं बंद झाली. निषेध म्हणून क्रामनिक पाचव्या डावाला बसलाच नाही आणि तो डाव टोपालोवला बहाल झाला.

मग दानाइलोवने आकडे काढले. क्रामनिकच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त खेळ्या म्हणे ‘फ्रिट्झ ९’ या प्रोग्रॅमशी जुळत होत्या. ऐकायला भयंकर वाटतं. पण समोरच्याने तुमचा वजीर मारला, तर तुम्हीही बहुतेक वेळा त्याचा वजीर मारता. प्रोग्रॅमही तेच सुचवतो. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ केनेथ रेगन या प्रकरणामुळेच या विषयाकडे वळले. खेळ्या नुसत्या मोजून भागत नाही, त्या दर्जाच्या खेळाडूच्या किती जुळणं स्वाभाविक आहे, हे आधी ठरवावं लागतं, असं त्यांचं काम सांगतं.

क्रामनिकविरुद्ध पुरावा मिळाला नाही. १२ डावांनंतर ६-६ अशी बरोबरी झाली आणि जलद डावांत क्रामनिक जिंकला.

संशय नेहमीच खोटा असतो, असं मी म्हणत नाही. २०१९मध्ये स्ट्रासबुर्गच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस शौचालयातच फोनसह सापडला आणि त्याने कबुलीही दिली. पण तिथे फोन होता. एलिस्टात होता फक्त अंदाज.

मला अस्वस्थ करतो तो या गोष्टीचा उत्तरार्ध. २०२३पासून क्रामनिकच ऑनलाइन खेळणाऱ्यांवर आकडेवारी मांडून जाहीर संशय घेऊ लागला. हिकारू नाकामुराचं नाव त्यात आलं, डॅनियल नारोडित्स्कीचंही. नारोडित्स्कीने आरोप फेटाळले. त्यांचा मनावर ताण येतो, हेही तो बोलला. ऑक्टोबर २०२५मध्ये वयाच्या २९व्या वर्षी तो गेला. त्याच्या मृत्यूचा दोष कुणावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. पण ज्याने ते बंद दार स्वतः पाहिलं होतं, त्याला तरी पुराव्याआधी नाव घेण्याची किंमत ठाऊक असायला हवी होती.

चोरी पकडायलाच हवी. मात्र ‘मी चोरी केली नाही’ हे सिद्ध करण्याचा मार्ग कुणापाशीच नसतो. म्हणून पुरावा आरोप करणाऱ्याने द्यायचा. पटावरच्या नियमांइतकाच हाही खेळाचा नियम आहे.