कच्चतीवू : बेट दिले की सीमा आखली?

रामेश्वरमच्या ईशान्येस, पाल्कच्या सामुद्रधुनीत कच्चतीवू नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम २८५ एकर. गोडे पाणी नाही, कायमची वस्ती नाही. आहे ते सेंट अँथनीचे एक चर्च आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तेथे भरणारी जत्रा. या जत्रेला दोन्ही किनाऱ्यांवरचे तमिळ मच्छीमार येतात. हे बेट १९७४ साली श्रीलंकेकडे गेले. 'गेले' हे क्रियापद येथे मुद्दामच वापरले आहे. भारताने ते 'दिले', की ते भारताचे कधी ठरलेच नव्हते, या प्रश्नाच्या उत्तरावर एक घटनात्मक वाद अर्ध्या शतकाहून अधिक काळ अडून बसला आहे.

परराष्ट्रांशी तह वा करार करण्याचा अधिकार भारतात नेमका कोणाचा? अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. आपल्या राज्यघटनेत तशी अट नाही. संघसूचीतील चौदाव्या नोंदीने हा विषय केंद्राकडे सोपवला आहे आणि अनुच्छेद ७३ नुसार केंद्राचा कार्यकारी अधिकार संसदेच्या कायदे करण्याच्या अधिकाराइतकाच व्यापक आहे. त्यामुळे सरकारने केलेली स्वाक्षरी बहुतेक करारांना पुरते. अनुच्छेद २५३ खाली कायदा करण्याची वेळ येते ती करारामुळे नागरिकांच्या हक्कांत किंवा प्रचलित कायद्यात बदल होणार असेल तेव्हा. भूप्रदेश परक्या राष्ट्राच्या हवाली करावयाचा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

ती किती वेगळी, हे बेरुबारी प्रकरणात ठरले. १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार पश्चिम बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यातील बेरुबारी युनियनचा निम्मा भाग पूर्व पाकिस्तानला द्यावयाचा होता. हे केवळ रॅडक्लिफ निवाड्याचे स्पष्टीकरण आहे, सबब संसदेकडे जाण्याची गरज नाही, अशी सरकारची भूमिका अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये दिलेले मत न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या लेखणीतून उतरले. साताऱ्यात जन्मलेले हे न्यायमूर्ती पुढे सरन्यायाधीश झाले. न्यायालयाने सरकारचा युक्तिवाद अमान्य केला. हे सीमेचे स्पष्टीकरण नसून भूप्रदेशाचे हस्तांतरण आहे आणि त्यासाठी अनुच्छेद ३ खालील साधा कायदा अपुरा असून अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीच हवी, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती करावी लागली. २०१५ मध्ये बांगलादेशाशी छिटमहालांची अदलाबदल झाली, तेव्हा शंभरावी घटनादुरुस्ती झाली तीही याच तत्त्वानुसार.

या तत्त्वाला नऊ वर्षांतच दुसरी बाजू मिळाली. १९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणाचा वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. लवादाने फेब्रुवारी १९६८ मध्ये वादग्रस्त क्षेत्रापैकी सुमारे एक-दशांश भाग पाकिस्तानच्या पदरात टाकला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत समाजवादी नेते मधु लिमये हेही होते. १९६९ च्या मगनभाई पटेल खटल्यात न्यायालयाने सांगितले, की जी सीमा मुळातच निश्चित नव्हती ती निश्चित करणे म्हणजे प्रदेश देणे नव्हे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, कार्यकारी अधिकार पुरेसा आहे.

कच्चतीवूचा वाद या दोन निकालांच्या मधोमध पडतो. 'दिले' म्हटले की बेरुबारी, 'आखले' म्हटले की कच्छ!

बेटावरील भारताचा दावा मुख्यतः रामनाडच्या जमीनदारीवर उभा होता. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी नष्ट झाली, तेव्हा हे बेट मद्रास राज्याकडे आले, असे तमिळनाडूचे म्हणणे. श्रीलंकेने आपला दावा पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे नेला. १९२१ साली मद्रास आणि सिलोन यांच्या प्रतिनिधींनी मासेमारीपुरती एक रेषा सुचवली होती. तीत बेट सिलोनच्या बाजूला पडत होते. मात्र भारताच्या बाजूने रामनाडचा हक्क राखून ठेवण्यात आला आणि त्या समझोत्याला मान्यता कधीच मिळाली नाही. म्हणजेच वाद जुना होता, ही गोष्ट खरी. तो 'कच्छसारखा' होता का, हे मात्र कोणत्याही न्यायालयाने तपासलेले नाही.

जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी केलेल्या कराराच्या शीर्षकात बेटाचा उल्लेखच नाही. तो 'ऐतिहासिक जलक्षेत्रातील' सीमेचा करार आहे. सीमारेषा बेटाच्या पश्चिमेस सुमारे एक मैलावरून गेली, एवढेच. शब्दयोजनेतील ही दक्षता योगायोगाची वाटत नाही. कराराच्या पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे, व्हिसाविना बेटावर जाण्याची मुभा दिली. सहाव्या कलमाने दोन्ही देशांच्या नौकांचे एकमेकांच्या पाण्यातील पारंपरिक हक्क राखले.

खरा घाव बसला तो पुढे. २३ मार्च १९७६ रोजी मन्नारच्या आखातातील सीमेचा दुसरा करार झाला. त्यासोबत परराष्ट्र सचिवांच्या पातळीवर जी पत्रे दिली-घेतली गेली, त्यांत कोणत्याही देशाच्या नौकांनी दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करावयाची नाही, असे ठरले. कन्याकुमारीजवळील वाज बँक हे समृद्ध मत्स्यक्षेत्र त्या व्यवहारात भारताकडे निश्चित झाले, हा लाभ लहान नव्हता. परंतु त्या वेळी देशात आणीबाणी होती आणि तमिळनाडूचे निर्वाचित सरकार जानेवारीअखेरीस बरखास्त झालेले होते. रामेश्वरमच्या मच्छीमाराच्या वतीने बोलणारे व्यासपीठच उरले नव्हते. बेटाच्या मालकीपेक्षा सचिवांच्या पत्रांनी थांबलेली ही उपजीविका अधिक गंभीर प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राजकीय सभांत मात्र चर्चा बेटाचीच होते.

त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा केला. त्याच्या नवव्या कलमानुसार शेजारी राष्ट्राबरोबरची सागरी सीमा ही करारानेच ठरते, मग तो करार कायद्यापूर्वीचा असो वा नंतरचा. सरकारपक्षाला हा मोठा आधार आहे. पण पाण्यातील सीमेसाठी केलेले कलम त्या पाण्यातील जमिनीलाही लागू पडते काय?

जयललिता यांनी २००८ मध्ये बेरुबारीचा दाखला देत सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०१३ मध्ये करुणानिधी यांनीही तोच मार्ग धरला. भारताचा कोणताही प्रदेश दिला गेलेला नाही, तो वादग्रस्तच होता, असे केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले. बेट परत हवे असेल तर युद्ध करावे लागेल, असे अॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी २०१४ मध्ये न्यायालयात म्हटले. पुढच्याच वर्षी माहिती अधिकारातील उत्तरात परराष्ट्र मंत्रालयाने 'प्रदेश दिलेला नाही' हीच भूमिका मांडली. २०२४ च्या लोकसभा प्रचारात मात्र काँग्रेसने बेट देऊन टाकल्याचा आरोप खुद्द पंतप्रधानांनी केला. सरकारे बदलली की शब्द बदलतात. येथे सरकार तेच होते.

समजा, उद्या न्यायालयाने करार घटनाबाह्य ठरवला, तर बेट परत येईल? आंतरराष्ट्रीय कायदा तसे म्हणत नाही. तहांविषयीच्या व्हिएन्ना करारात भारत सहभागी नाही. पण त्यातील बरीच तत्त्वे रूढ कायदा मानली जातात. अंतर्गत कायद्याचा भंग उघड आणि मूलभूत स्वरूपाचा असेल, तरच तहातून सुटका मागता येते. परिस्थिती पालटली हे कारण तर सीमा ठरवणाऱ्या तहाला लागूच होत नाही. दिल्लीतील निकाल कोलंबोला बांधील नसतो.

समुद्रावर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. वीस वर्षांत श्रीलंकेने ६,१८४ भारतीय मच्छीमारांना अटक केली आणि १,१७५ नौका जप्त केल्या, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. पलीकडे जाफना आणि मन्नारचे मच्छीमारही तमिळच आहेत. यादवी २००९ मध्ये संपल्यावर ते समुद्रात परतले, तेव्हा तळ खरवडणाऱ्या भारतीय ट्रॉलरांनी त्यांची जाळी फाडली, ही त्यांची तक्रार आहे. श्रीलंकेने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदीच घातली. बेट भारताचे ठरले असते, तरी जाफन्याच्या किनाऱ्यालगतचा हा तंटा मिटला नसता.

पाचव्या कलमापैकी यात्रेची मुभा अद्याप पाळली जाते. जत्रेच्या दिवशी रामेश्वरमहून नौका निघतात आणि भाविकांकडे कोणी व्हिसा मागत नाही. २०२४ मध्ये मात्र अटकसत्राच्या निषेधार्थ रामेश्वरमच्या मच्छीमारांनी त्या जत्रेवरच बहिष्कार घातला होता.