सव्वातीनचा कर्ण : ‘लीलावती’ आणि स्प्रेडशीट

काटकोन त्रिकोणाची भुजा सव्वातीन आणि कोटीही सव्वातीन. तर कर्ण किती? भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ.स. ११५०) च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त हे उदाहरण घातले आहे. ते मुद्दाम अडचणीचे निवडलेले दिसते. दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज १६९/८ येते आणि तिचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात नेमके बसत नाही. आपण शाळेत अशा संख्येला ‘करणी’ म्हणतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ (इ.स. १२०७) चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला, असे त्यावरून कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. सव्वातीनचा हा कर्ण त्या मठातल्या विद्यार्थ्यांनीही काढला असेल, असे मानायला हरकत नाही.

आजचा विद्यार्थी चाळीसगावचा असो वा बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचा, तो स्प्रेडशीटच्या एका चौकटीत २१.१२५ लिहितो, शेजारच्या चौकटीत वर्गमुळाचे ‘एसक्यूआरटी’ हे सूत्र भरतो आणि ४.५९६१९४०७७७१२५६ हे उत्तर तत्क्षणी उमटते. ते कसे आले, हे चौकट सांगत नाही.

भास्कराचार्य मात्र सांगतात. अंश आणि छेद यांचा गुणाकार करा : १६९ × ८ = १३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणा. उदाहरणात ती १०,००० आहे. आलेल्या १,३५,२०,००० या संख्येचे सर्वांत जवळचे पूर्णांकी मूळ ३६७७. आता छेद ८ आणि गुणकाचे मूळ १०० यांच्या गुणाकाराने, म्हणजे ८०० ने, भागा. उत्तर ४ पूर्णांक ४७७/८००, अर्थात ४.५९६२५. यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहिले तर फरक एक दहा-हजारांशापेक्षाही कमी. गुणक दहा कोटी घेतला तर ४.५९६२ मिळते आणि फरक एक लाखांशाच्या आत येतो.

यातली युक्ती साधी आहे. १६९/८ म्हणजेच १३५२/६४. छेद पूर्ण वर्ग झाला की करणीचा सारा त्रास अंशापुरता उरतो. मोठ्या गुणकाने तो अंश फुगवला की दशांशचिन्ह न वापरताच दशांशस्थळे हाती लागतात. पूर्णांकाचे मूळ एकेक अंक करत काढण्याची रीत आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्येच दिलेली होती.

मला या नियमातले दोन शब्द विशेष मोलाचे वाटतात : गुणकासाठी ‘इष्ट’ आणि उत्तरासाठी ‘निकट’. किती सूक्ष्म जायचे ते गणकाने ठरवावे, आणि कितीही सूक्ष्म गेले तरी उत्तर जवळचेच राहील.

स्प्रेडशीट हा प्रश्न विचारतच नाही. १९८५ च्या ‘आयईईई ७५४’ या मानकानुसार संगणक सामान्यतः ५३ द्विमान अंकांत संख्या धरतो आणि वर्गमूळ तेवढ्या रुंदीत शक्य तितके अचूक देतो. दशमानात हे पंधरा-सोळा अंक झाले. तरीही त्या रुंदीत दोनच्या वर्गमुळाचा वर्ग २ येत नाही, २.०००००००००००००००४ च्या आसपास येतो. दोरीने मोजलेल्या शेताच्या कर्णापुढे पंधरा अंक झळकतात, तेव्हा त्यांतले बहुतेक निरर्थक असतात. पण दिसायला सगळे सारखेच ठाम.

सव्वातीनचा कर्ण म्हणजे खरे तर सव्वातीन गुणिले दोनचे वर्गमूळ. त्या मुळासाठी बौधायन शुल्बसूत्र एकात तिसरा हिस्सा मिळवायला सांगते, मग त्या हिश्शाचा चौथा भाग मिळवायला आणि शेवटी त्या चौथ्या भागाचा चौतिसावा अंश वजा करायला. टप्प्याटप्प्याने ४/३, १७/१२ आणि ५७७/४०८ मिळतात. आता स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत ४/३ भरा. खालच्या प्रत्येक ओळीत ‘वरची संख्या आणि २ भागिले वरची संख्या’ यांची सरासरी काढा. दुसऱ्या ओळीत १७/१२ येते, तिसऱ्या ओळीत ५७७/४०८! बौधायनांनी सरासरीच काढली होती, असे यावरून सिद्ध होत नाही. शुल्बसूत्रात उपपत्ती दिलेली नाही. मात्र जुळणी पाहण्याजोगी आहे.

चौथ्या ओळीत १.४१४२१३५६२३७४६९ दिसते, पाचव्या ओळीत १.४१४२१३५६२३७३१०. त्यानंतर स्तंभ हलत नाही. चौकटीची रुंदी संपलेली असते. पन्नास दशांशस्थळे हवी असतील तर पायथनसारखी, पूर्णांकांना लांबीचे बंधन नसलेली भाषा घ्यावी, दोनला दहाच्या शंभराव्या घाताने गुणावे, पूर्णांकी मूळ काढावे आणि दहाच्या पन्नासाव्या घाताने भागावे. गुणक इथेही ‘इष्ट’च आहे, फक्त बराच मोठा.