पावसाआधीचे प्रशिक्षण : हिवताप आणि गावातला स्वयंसेवक

हिवताप रोखण्यासाठी गावातल्याच माणसाला शिकवून तयार करायचे, ही कल्पना देशभराच्या सरकारी योजनेत आली ती १९७७ साली. त्याआधी हे काम बहुतांशी बाहेरून गावात येणाऱ्यांच्या हाती होते. संशोधक आले, पालिकेचे निरीक्षक आले, फवारणीच्या टोळ्या आल्या, रक्तनमुने घेणारे आले. काम आटोपले की सगळे परत गेले. अडचण अशी की या आजाराचा हंगाम आणि वाटा बंद होण्याचा हंगाम एकच. ओढ्याचा पूर रस्ता तोडतो, आणि तो ओसरला की मागे उरलेल्या डबक्यांत डासांच्या अळ्या वाढतात. बाहेरचा माणूस जिथे पोचत नाही तिथेच, आणि पोचत नाही त्याच दिवसांत, घरोघर अंथरुणे पडतात.

आजार जुनाच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिवसाआड येणाऱ्या तापाला तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणाऱ्याला चातुर्थिक म्हटले आहे. दोन्ही ‘विषमज्वर’ या वर्गात मोडतात. आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड, त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना हमखास गोंधळ होतो. लोकांनी मात्र लक्षणावरून नावे ठेवली : थंडीताप, हिवताप, पाळीचा ताप. त्याचा संबंध पाणथळ जागेशी आहे हेही लोकांना ठाऊक होते. मधला दुवा तेवढा सापडत नव्हता. अल्जीरियात काम करणाऱ्या लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला १८८० साली रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो परजीवी डासाच्या जठराच्या भिंतीत सापडला आणि दुवा जुळला.

औषध त्याच्याही आधीपासून होते. निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाची लागवड झाली होती आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीत पैशाला एक या दराने क्विनाइनच्या पुड्या मिळू लागल्या. हिवतापाचे औषध वाटणारा गावपातळीवरचा पहिला माणूस शोधायचा तर तो पोस्टमास्तर. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच होती की त्याने तिकिटे विकावीत तशा पुड्या विकाव्यात.

डास मारण्याच्या बाजूने पहिला मोठा धडा मुंबईत मिळाला. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा शोध घेऊन १९११ साली अहवाल दिला. त्यांनी बोट ठेवले ते विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर. ॲनॉफेलिस स्टिफेन्सी हा शहरी डास दलदलीपेक्षा अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी बुजवा किंवा झाका, असे पालिकेने फर्मावले तेव्हा पारशी आणि हिंदू, दोन्ही समाजांतून विरोध झाला. धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागते, नळाचे चालत नाही. शेवटी काही ठिकाणी विहीर झाकून त्या झाकणाला बारीक जाळीचा दरवाजा ठेवण्याची तडजोड निघाली. शास्त्र बरोबर असले तरी ज्याची विहीर आहे त्याला पटल्याशिवाय ती झाकली जात नाही, हे तेव्हाच दिसून आले होते. पुढच्या योजनांनी त्यातून फारसे काही घेतले नाही.

घेण्याची गरज वाटली नाही, कारण दरम्यान डीडीटी आले. त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला होता. १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या कारवार आणि धारवाड भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग झाले आणि त्यांना असे यश आले की पुढच्या राष्ट्रीय योजनेला नमुना मिळाला. त्या काळात देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यशाने हुरूप येऊन १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला.

फवारणीची टोळी गावात आली की भांडीकुंडी, धान्य, अंथरुणे अंगणात काढावी लागत. एक जण बादलीत बुडवलेला पंप दाबायचा, दुसरा लांब नळीने भिंतीवर फवारा मारायचा; मग दारावर तारीख लिहून टोळी पुढच्या घराकडे वळायची. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो आणि तिथल्या थरामुळे मरतो, हा त्यातला हिशेब. मराठी घरात या हिशेबाला छेद देणारी एक गोष्ट होती : सारवण. सणासुदीला भिंत शेणामातीने सारवली की डीडीटीचा थर तिच्याखाली गाडला जायचा. सुरुवातीला फवारणीने ढेकूणही मरत, म्हणून लोक दार आनंदाने उघडत. पुढे ढेकूण मरेनासे झाले आणि दारे बंद होऊ लागली. डासांचा त्रास कमी झाला की नाही हे सामान्य माणसाला एका रात्रीत कळत नाही, ढेकणांचे कळते.

फवारणीच्या जोडीला सर्वेक्षण होते. दहा हजार लोकवस्तीमागे एक कर्मचारी, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जाऊन ‘ताप आला होता का’ असे विचारणार, आला असेल तर बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेणार आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथेच गिळायला लावणार. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती, आणि काही वर्षे प्रत्यक्षातही चांगली चालली. १९६५ साली देशभरात नोंदले गेलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास होते आणि मृत्यू एकही नव्हता.

पण घसरण आतून सुरू झाली होती. ग्रामीण भागातला मुख्य वाहक डास, ॲनॉफेलिस क्युलिसीफेसीस, डीडीटीला दाद देत नसल्याचे १९५९ मध्येच पंचमहाल जिल्ह्यात आढळले होते. तो जिल्हा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. आजार आटोक्यात आला म्हणून पैसा आणि माणसे इतरत्र वळली, काचपट्ट्या तपासणीवाचून साचू लागल्या, आणि १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर हिवतापाचा कर्मचारी ‘बहुउद्देशीय’ झाला. त्याच्या वहीत कुटुंबनियोजनाचे रकाने वाढले. त्याच वर्षी आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम जातीचा परजीवी सापडला. १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४.७ लाखांवर गेला.

१९७७ च्या सुधारित योजनेत ‘निर्मूलन’ हा शब्द नावापुरता उरला आणि गावातला माणूस आत आला. ‘औषध वाटप केंद्र’ आणि ‘ताप उपचार केंद्र’ अशी दोन भारदस्त नावे ठेवली गेली. केंद्र म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या घराची ओसरी : शिक्षकाची, पंचायत सदस्याची किंवा तयार होईल त्या कुणाची. पहिल्या प्रकारात फक्त गोळ्या द्यायच्या. दुसऱ्यात रक्तनमुनाही घ्यायचा. हे काम विनामोबदला होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून गावोगावच्या आरोग्यरक्षकांची योजनाही सुरू झाली.

शिकवायचे काय, हे वरवर सोपे वाटते. बोटाच्या पेराशी टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढच्या थेंबांपासून एकाच काचेवर एक जाड आणि एक पातळ थर करायचा. जाड थरात परजीवी आहे की नाही ते कळते, पातळात तो कोणत्या जातीचा आहे ते. थर फार जाड झाला तर धुताना निघून जातो. काच तेलकट असली तर रक्त पसरत नाही. सुकण्याआधी माश्या बसल्या तर नमुना वाया. नांगर धरून किंवा भात लावून राठ झालेल्या बोटातून थेंब काढणे हे तर सरावाचेच काम. एवढे करून काच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची आणि निकाल यायला आठवडे लागायचे. तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असे, नाही तर गेलेला.

या सगळ्याची खरी परीक्षा महाराष्ट्रात झाली ती गडचिरोलीत. चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसे राहतात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहू लागले की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे कित्येक दशकांचे वार्षिक दृश्य. लाहेरीच्या पुढे बिनागुंडाकडे जायचे तर डोंगर पायी चढावा लागे. अशा गावात शिकवायला निघालेल्या आरोग्य सेवकाच्या किंवा स्वयंसेवकाच्या पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिट, गोळ्या आणि चित्रांचे तक्ते असत. तक्ते भिजू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, नाले छातीएवढ्या पाण्यातून किंवा डोंग्याने ओलांडायचे, आणि पोचल्यावर कळायचे की सगळे गाव शेतावर आहे. सभा मग अंधार पडल्यावर, म्हणजे डासांच्याच वेळेला.

भाषेची अडचण वाटेपेक्षा मोठी. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्रविड भाषा. ‘परजीवी’ आणि ‘डासोत्पत्ती स्थाने’ असल्या सरकारी मराठीचा तिथे उपयोग शून्य; खरे तर तो पुण्यातही फारसा नाही. गावातला एखादा शिकलेला मुलगा दुभाषा होई आणि पुढे तोच शिकवणारा बनत असे. डबक्यातली अळी पळीने वर काढून तळहातावरच्या पाण्यात दाखवली की काम सोपे होते. ॲनॉफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते, इतर डासांची डोके खाली करून लोंबकळते. पूर्ण वाढलेला डास भिंतीवर कलता, तिरका ठोकलेल्या खिळ्यासारखा बसतो. हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

फवारणी इथे आणखी लंगडी पडली. बांबूच्या तट्ट्यांच्या घरांना फवारायला सलग भिंतच नसते. मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या दिवसांत लोक रानात असतात, पीक राखायला मांडवावर झोपतात. आजारी माणसाला आधी पुजाऱ्याकडे नेले जाते. शुद्ध हरपली की खाटेची कावड करून दवाखान्याच्या वाटेला लागतात. फाल्सिपेरमचा ताप मेंदूत गेला तर ही वाट पुरी होण्याइतका वेळ हाती नसतो. हेमलकशात १९७३ पासून उभा राहिलेला लोक बिरादरी प्रकल्प आणि १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेली ‘सर्च’ ही संस्था, दोन्हींच्या कामात हिवताप हा कायमचा विषय राहिला आहे. शिक्षण बेताचे असले तरी गावातली बाई आरोग्याचे अवघड काम नेमकेपणाने करू शकते, हे ‘सर्च’च्या आरोग्यदूतांनी दाखवले; त्यांची ख्याती नवजात बाळांच्या काळजीसाठी, पण मुद्दा तोच.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावातलीच आरोग्य कार्यकर्ती आली आणि त्यानंतर तिच्या हाती दोन गोष्टी आल्या, ज्यांनी १९७७ च्या ओसरीवरच्या केंद्राची मुख्य उणीव भरून काढली. एक, झटपट तपासणीची पट्टी : रक्ताचा थेंब, द्रावणाचे काही थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. दुसरी, फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांचा तीन दिवसांचा उपचार. काच पाठवून वाट पाहणे संपले. व्हायव्हॅक्स जातीच्या तापाला मात्र प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला की लोक गोळ्या फडताळात ठेवून देतात. उरलेले अकरा दिवस रोज त्या घरी डोकावणे हा आशाच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग. रक्तनमुन्यामागे तिला १५ रुपये मिळतात.

कीटकनाशकाचा थर असलेल्या मच्छरदाण्यांनीही शिकवण्याचे नवे काम निर्माण केले. त्या वरचेवर धुवायच्या नाहीत, उन्हात वाळवायच्या नाहीत, मासे धरायला वापरायच्या नाहीत; रानात झोपायला जाताना मात्र न्यायच्या. यातली कोणतीही गोष्ट पत्रकाने साधत नाही. जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. मुंबई-पुण्यात तो गप्पी माशांच्या आणि पाण्याची भांडी रिकामी करण्याच्या ‘कोरड्या दिवसा’च्या फलकांवर भागतो. भामरागडात तो उशिराचा ठरू शकतो. तिथे तेंदूचा हंगाम मेअखेर संपतो, पाऊस लागला की पेरणी, आणि मग नदी. बायका-माणसे गावात सापडतील आणि शिकवणारा पोचूही शकेल, असे दिवस मध्ये फार तर पंधरा. तेवढ्यात गोळ्या, तपासणी पट्ट्या आणि त्या वापरायची रीत पोचवायची. राहिले तर ते दिवाळीपर्यंत राहते.