मालकाच्या परवानगीशिवाय केलेली देशसेवा

1836 साल संपत आलं होतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या मिल्टन या गावातून एका म्हाताऱ्याचं पत्र वॉशिंग्टनच्या पेन्शन कार्यालयात गेलं. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. कित्येक वर्षांपासून आंधळा. त्याला वाचायला कुणी कधी शिकवलंच नव्हतं, म्हणजे पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं. त्याचं नाव जेहू ग्रँट. वर्ण काळा. एके काळचा गुलाम, आणि अमेरिकन क्रांतिसेनेत दहा महिने राबलेला माणूस.

त्याची मागणी साधी होती. युद्धात सेवा केलेल्यांना सरकार पेन्शन देत आहे, मीही सेवा केली आहे, मलाही द्या. दोन वर्षांपूर्वी, 1834 मध्ये, त्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. कारण काय दिलं असेल? तू लढलास याला पुरावा नाही, असं नाही. तू लष्करात नव्हतासच, असंही नाही. कारण असं की, ज्या काळात तू ही सेवा केलीस त्या काळात तू मालकाकडून पळून आलेला गुलाम होतास, आणि अशी सेवा या कायद्यात बसत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. समाजकार्याच्या निमित्ताने निराधार आणि वृद्धांच्या पेन्शनचे अर्ज भरून देण्यात माझी काही वर्षं गेली आहेत. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरची जन्मतारीख चुकलेली, अंगठ्याचा ठसा उमटत नाही, हे सगळं रोजचं आहे. पण ‘सेवा खरी, माणूस अपात्र’ असा शेरा मारायला वेगळंच डोकं लागतं. ते डोकं आपल्या ओळखीचं आहे, म्हणून हे प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे.

आधी कायदा पाहू. 1818 च्या मार्चमध्ये अमेरिकन काँग्रेसने क्रांतियुद्धातल्या सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा केला. (याच वर्षी 1 जानेवारीला आपल्याकडे भीमा कोरेगावची लढाई झाली होती. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतो.) साध्या सैनिकाला महिना 8 डॉलर, अधिकाऱ्याला 20. मात्र हा लाभ नियमित फौजेत, म्हणजे काँटिनेंटल आर्मीत, किमान नऊ महिने काढलेल्या आणि हलाखीत जगणाऱ्यांनाच होता. अर्जांचा पूर आला, खर्च वाढला, आरडाओरड झाली. मग 1820 मध्ये नवी अट आली: तुमच्या मालमत्तेची यादी द्या. ज्यांनी साम्राज्याला हरवलं ते म्हातारे कोर्टात उभे राहून आपली गाय, आपली भांडी मोजून दाखवू लागले. गोऱ्यांचीही अशीच परवड झाली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. गरिबाने गरिबी सिद्ध करायची, हा प्रशासनाचा जुनाच छंद.

गावोगावची मिलिशिया, म्हणजे हाक आली की शेत सोडून बंदूक घेऊन निघणारी नागरी फौज, या सगळ्यातून बाहेरच होती. तिला हक्क मिळाला 7 जून 1832 च्या कायद्याने. युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षं उलटल्यावर! दोन वर्षं सेवा असेल तर त्या हुद्द्याचा पूर्ण पगार मरेपर्यंत, सहा महिन्यांच्या वर असेल तर त्या प्रमाणात. गरिबी सिद्ध करण्याची अट गेली. आता सेवा सिद्ध करायची होती.

कशी? मिलिशियावाल्याजवळ कागद क्वचितच असायचा. शिवाय 1800 मध्ये युद्ध खात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत बरंच दप्तर जळून गेलं होतं. म्हणून म्हाताऱ्यांनी कोर्टात जबानी द्यायची, आणि ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. जन्म कुठे, कोणत्या साली? वयाची नोंद कुठे आहे? सैन्यात गेलात तेव्हा राहत कुठे होतात? स्वतःहून गेलात, सक्तीने गेलात की दुसऱ्याच्या बदल्यात? अधिकाऱ्यांची नावं सांगा. शेजारपाजारचे कोण तुमच्या चारित्र्याची ग्वाही देतील? धर्मगुरूचीही साक्ष आणा.

हे प्रश्न गोऱ्या शेतकऱ्यासाठी अवघड होते, पण अशक्य नव्हते. आता हेच प्रश्न गुलामाला विचारून पाहा. वयाची नोंद? ती असली तर मालकाच्या खातेवहीत, जनावरांच्या शेजारी. राहत कुठे होता? मालकाच्या घरी. स्वतःहून गेलास का? आणि इथेच सापळा आहे. ‘हो’ म्हणावं तर पळपुटा, ‘नाही’ म्हणावं तर सेवा मालकाची.

जेहू ग्रँटने ‘हो’ म्हटलं होतं. त्याचा मालक ऱ्होड आयलंडमधला, नॅरागान्सेट भागातला, आणि इंग्रजांकडे झुकलेला. इंग्रजांची जहाजं घरापासून काही मैलांवर उभी. मालक त्यांच्याशी व्यापार करतो आहे, आज ना उद्या आपल्यालाही तो त्या जहाजावर पाठवेल, ही भीती जेहूच्या मनात होती. दुसरीकडे गावोगाव स्वातंत्र्याचे खांब उभारले जात होते, स्वातंत्र्याची गाणी कानावर येत होती, आणि ती त्याच्या काळजाला भिडत होती. ऑगस्ट 1777 मध्ये तो पळाला आणि अमेरिकन सैन्यात भरती झाला. आधी घोड्यांची गाडी हाकून फौजेची रसद वाहिली. हिवाळा आल्यावर गाडीखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा सेवक म्हणून छावणीत राहिला. जून 1778 मध्ये मालक छावणीत आला आणि त्याला घेऊन गेला. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सैन्याने इंग्रजधार्जिण्या माणसाला त्याचा गुलाम परत दिला!

या दहा महिन्यांच्या मधोमध आणखी एक गोष्ट घडली. फेब्रुवारी 1778 मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने, माणसं कमी पडू लागली म्हणून, गुलामांना सैन्यात घ्यायचा कायदा केला. जो भरती होईल तो मुक्त, आणि मालकाला सरकारकडून 120 पौंडांपर्यंत भरपाई. मे महिन्यात विधिमंडळाने ठरवलं की ही भरती 10 जूननंतर बंद. म्हणजे चार महिने गुलामाचं शौर्य कायदेशीर होतं! जेहू त्याआधी सहा महिने घरातून निघाला होता. त्याने सरकारची वाट पाहिली नाही, हाच त्याचा गुन्हा. आणि त्या मुक्तीचीही किंमत सरकारने मोजली ती मालकाला.

पुढे दुसऱ्या एका गृहस्थाने त्याला विकत घेतलं आणि ठरलेली वर्षं राबवून मुक्त केलं. लग्न झालं, सहा मुलं झाली, त्यातली पाच 1836 मध्ये हयात होती. मुलं कष्टाळू, पण घर ओढगस्तीचं.

काही विद्वान म्हणतील, पेन्शन आयुक्त जेम्स एडवर्ड्स यांनी कायद्याप्रमाणे काम केलं, त्यांचा काय दोष? मग कायद्याची भाषाच पाहू. 1832 च्या कायद्यात अधिकारी आहेत, सैनिक आहेत, वाजंत्री आहेत, आदिवासी हेरसुद्धा आहेत. काँटिनेंटल, राज्याची फौज, स्वयंसेवक, मिलिशिया, सगळे आहेत. त्यात ‘गोरा’ हा शब्द नाही. ‘मालकाच्या संमतीने’ हेही नाही. गाळलेली जागा कार्यालयाने भरली. कायदा तटस्थ ठेवायचा आणि शेरा मारणाऱ्या हाताने वर्णव्यवस्था चालवायची, ही रीत फक्त आपल्या देशाची नाही.

तिजोरीत पैसा नव्हता म्हणावं तर जानेवारी 1835 मध्ये अमेरिकेने आपलं संपूर्ण राष्ट्रीय कर्ज फेडून टाकलं होतं. जेहूच्या दहा महिन्यांचे, साध्या सैनिकाच्या दराने, वर्षाला साधारण 33 डॉलर झाले असते.

आता ज्याने ‘बदली’ म्हणून सेवा केली त्याचं काय झालं तेही पाहू. न्यू जर्सीच्या सॉमरसेट परगण्यातला सॅम्युअल सटफिन. मालकाने त्याला शब्द दिला: माझ्याऐवजी मिलिशियात जा, युद्ध संपलं की तू मोकळा. सॅम्युअल गेला, लढला, पायाला जखम झाली. मालकाने शब्द फिरवला आणि त्याला विकून टाकलं. हातोहात विकला जात तो आणखी वीसेक वर्षं गुलाम राहिला, शेवटी स्वतःची किंमत स्वतः भरून सुटला. 1832 नंतर त्याने पेन्शन मागितली. माजी काँग्रेस सदस्य डॉ. लुईस काँडिक्ट यांनी त्याची हकीकत उतरवून घेतली, खटपट केली. वॉशिंग्टनने अर्ज पुन्हा पुन्हा परत केले. अखेर 1836 मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाने वर्षाला 50 डॉलर मंजूर केले. केंद्राकडून काहीच नाही. म्हणजे मालकाला विचारून गेला तरी तेच, न विचारता गेला तरी तेच.

सगळ्याच काळ्या सैनिकांना नकार मिळाला असं मात्र नाही. असं लिहिणं सोयीचं असलं तरी खोटं ठरेल. न्यू जर्सीचाच ऑलिव्हर क्रॉमवेल हा काळा सैनिक वर्षाला 96 डॉलर पेन्शन घेत होता. पण त्याच्याजवळ खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या सहीचा सेवामुक्तीचा दाखला होता. काळ्याला किती मोठ्या माणसाची सही लागत होती, ते यावरून ओळखावं.

आणि पेन्शनचा प्रश्न नुसत्या पैशाचा कधीच नव्हता. ज्याचं नाव पेन्शनच्या यादीत, त्याने देश घडवला ही सरकारी कबुली. 1792 च्या मिलिशिया कायद्यात फक्त स्वतंत्र, धडधाकट, गोऱ्या पुरुष नागरिकाची नोंदणी करायची असं स्पष्ट लिहिलं होतं. या कायद्याला चाळीस वर्षं झाल्यावर त्याच मिलिशियात काळी माणसंही होती हे मान्य करणं म्हणजे देशाच्या जन्माची गोष्ट पुन्हा लिहिणं. सुमारे 5,000 काळे लोक क्रांतीच्या बाजूने लढले असा अंदाज आहे. ते चित्रांतून आणि भाषणांतून गाळले गेले, ते काही विसरभोळेपणामुळे नव्हे.

आपल्या वाचकाला इथे गोपाळबाबा वलंगकर आठवतील. लष्करातून निवृत्त झालेला तो माणूस, आपल्या लोकांची भरती बंद झाल्यावर सरकारपुढे पूर्वजांच्या सेवेचा हिशेब मांडत होता. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच दारं ठोठावली. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावं कोरणारं सरकारच पुढे या जातीला लढाऊ मानेना. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं ते उगीच नाही.

पण जेहूच्या पत्रातली एक जागा मला अजून टोचते. तो पेन्शन मागताना माफीही मागतो. स्वातंत्र्य आवडलं हे पाप असेल तर देवाने क्षमा करावी, असं म्हणतो. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे बायबलातलं वचन आपल्याला वाचायला शिकवलं असतं तर कदाचित वेगळं वागलो असतो, असंही म्हणतो. यात खरी नम्रता किती आणि आयुक्ताला मारलेला टोमणा किती, हे मला ठरवता येत नाही. टोमणाच असावा असं मला वाटतं. कारण लगेच पुढे तो हिशेबाला येतो: माझ्या पळण्याने मालकाचं जे नुकसान झालं ते मी केव्हाच भरून दिलं आहे, आणि माझ्या सेवेचा फायदा देशाने इतर सैनिकांच्या सेवेइतकाच घेतला आहे.

या हिशेबात चूक काढता येत नाही. कार्यालयाने ती काढलीही नाही. पेन्शन मात्र शेवटपर्यंत दिली नाही.