कोनता गावना शेतस भाऊ?

आमच्या खानदेशात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. "कोनता गावना शेतस भाऊ?" गाव कळलं की तिथली एखादी सोयरीक आठवते, नाहीतर तिथला आठवडी बाजार तरी आठवतो, आणि मग पाण्याचा तांब्या पुढे येतो. मोटारीतून जाणाऱ्याला हे कुणी विचारत नाही, कारण तो थांबतच नाही. सायकलवर पथारी बांधून आलेला मात्र यातून सुटत नाही. त्याला पाणी हवं असतं, पंक्चरवाला हवा असतो, रात्री पाठ टेकायला देवळाची नाहीतर शाळेची ओसरी हवी असते. तो गरजू असतो, म्हणूनच त्याच्याशी बोलता येतं.

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचं सगळं मर्म मला या गरजूपणात दिसतं. वेग, किलोमीटर, गिअर या गोष्टी नंतरच्या.

आपल्याकडे हे वेड तसं जुनं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. पण मला जी गोष्ट सांगायचीय ती जगाची नाही, आपल्याच देशाची आहे. आणि तिचं एक टोक अमळनेरला आहे.

साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. अमळनेरला ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांचे तर ते आईच झाले. कोकणातला माणूस खानदेशाचा झाला तो असा. १९३० च्या सत्याग्रहात नोकरी सोडून ते तुरुंगात गेले. आधी धुळे, मग थेट तामिळनाडूतलं त्रिचनापल्ली. तिथे दक्षिणेकडचे राजबंदी बरोबर होते. शेजारी बसलेल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, याची खंत वाटून गुरुजी तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणलं. (धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेणारे तेच, हे तुम्हाला माहीत असेलच.) भारतातल्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं, ही त्यांची 'आंतरभारती'ची कल्पना मला त्या कोठडीतूनच निघालेली वाटते.

गंमत बघा, तिथे ही शेजारशेजारची बैठक ब्रिटिश सरकारने घडवून आणली होती! प्रश्न असा, की स्वतंत्र देशात ती कोण घडवणार? १९५० साली गुरुजी गेले आणि आंतरभारतीचं स्वप्न बरंचसं भाषणांत राहिलं.

मग १९८५ चा डिसेंबर आला. दिल्लीतलं शिखांचं हत्याकांड होऊन वर्षच झालं होतं, पंजाब धुमसत होता. अशा वेळी सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे शंभराहून जास्त तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. 'भारत जोडो'. तरुण सायकलींवर, आणि पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बसताच न येणारे बाबा गाडीत आडवे. सुमारे पाच हजार किलोमीटर! १९८८ साली दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत. तिच्यात मुलीही होत्या.

बाबांनी रेल्वेचा डबा का नाही घेतला? मला सुचलेलं उत्तर असं. रेल्वेने गेलात तर तुम्ही कन्याकुमारी आणि काश्मीर पाहता. सायकलने गेलात तर मधलं प्रत्येक गाव तुम्हाला पाहतं. चढावर धापा टाकणारा मुलगा कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे विचारायच्या आधी त्याला पाणी द्यावंसं वाटतं. गुरुजींना तुरुंगात जे शेजारपण नाइलाजाने मिळालं, ते या पोरांनी आपणहून पायडल मारत मिळवलं. दोन्ही गोष्टी मला एकाच धाग्याच्या वाटतात.

हे सगळं छान छान वाटतं, पण याच खानदेशातली एक तारीख मला विसरता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर फिरणारी, सोलापूरकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पण गेलेले पाच काही परत आले नाहीत.

ती माणसंही वाटसरूच होती. त्यांनाही "कोनता गावना?" हे विचारलं गेलंच असणार. फरक एवढाच, की उत्तर ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. कारण त्यांच्याबद्दलची 'माहिती' त्यांच्या आधीच गावात येऊन बसली होती. गरजू वाटसरूकडे पाहून दार उघडतं असं मी वर म्हटलं, ते अर्धंच खरं. दार उघडायची सवय राखावी लागते. वर्षानुवर्षं कुणी अनोळखी माणूस ओसरीवर आलाच नाही, तर ती सवय मोडते आणि तिच्या जागी भीती येते.

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. भुसावळला देशभरच्या गाड्या थांबतात. आमच्या अहिराणीत तर गुजराती, हिंदी, मराठी सगळ्यांचं पाणी मिसळलंय. आमचा मुलूखच वाटसरूंचा आहे! त्या मुलखाने वाटसरूला भ्यावं, यासारखं दुःख नाही.

म्हणून जळगावच्या गांधी रिसर्च फाउंडेशनने अलीकडच्या वर्षांत 'ग्राम संवाद सायकल यात्रा' काढल्या, याचं मला अप्रूप वाटतं. आकडे मोठे नाहीत, विक्रम नाही, गावात जायचं आणि बोलायचं. कुणाला ते किरकोळ वाटेल. मला ती त्या मोडत चाललेल्या सवयीची डागडुजी वाटते.

आपल्या घरातल्या भाचरांना, पुतण्यांना माझं एवढंच सांगणं आहे. हिवाळ्यात चोपड्यापासून शिरपूरपर्यंत, नाहीतर पारोळ्याहून धुळ्यापर्यंत, जमेल तेवढं सायकलने जा. (मे महिन्यात नको रे बाबांनो, आपलं ऊन माहीत आहे ना!) बरोबर पाण्याची बाटली जरा लहानच घ्या. म्हणजे कुणाच्या तरी दारात मागावं लागेल.